शुक्रावर उतरलेलं यान तासा-दोन तासांत का मरतं? (एका बॉयलरवाल्याचा धागा)

वाफेवरचा | रवि, रात्री ९:०४

मंगळ म्हटलं की इथे धागे धो-धो येतात. मंगळयान झालं, पर्सिव्हरन्स झालं, त्या छोट्या हेलिकॉप्टरवर तर तीन धागे आहेत. पण पृथ्वीच्या सगळ्यात जवळ येणारा ग्रह मंगळ नाही, शुक्र आहे. शुक्र साधारण ४ कोटी किमीपर्यंत जवळ येतो, मंगळ साडेपाच कोटींच्या आत येत नाही. तरी मंगळावर क्युरिऑसिटी २०१२ पासून फिरतेय आणि शुक्राच्या जमिनीवर टिकायचा विक्रम आहे १२७ मिनिटांचा. तोही १९८२ सालचा, व्हेनेरा १३ या सोव्हिएत यानाचा.

याचं कारण मला माझ्या कामामुळे जरा लवकर कळलं. मी सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात को-जनचा, म्हणजे कारखान्यातल्या वीजनिर्मितीचा, बॉयलर सांभाळतो. आमच्या मेन स्टीम लाईनला ८७ किलो प्रेशर (एक किलो म्हणजे जवळपास एक बार) आणि ५१५ डिग्री तापमान असतं. शुक्राच्या जमिनीवर हवेचा दाब ९२ बार, म्हणजे आपल्या हवेच्या साधारण ९० पट, आणि तापमान ४६५ डिग्रीच्या आसपास. दोन्ही आकडे शेजारी ठेवून बघा. आम्ही जे जाड अलॉय स्टीलच्या पाइपात कोंडून, वर लॅगिंग (उष्णता अडवणारं वेष्टण) करून, सेफ्टी व्हॉल्व्ह लावून, चोवीस तास पहारा देऊन सांभाळतो, ते तिथं उघड्यावर आहे. आणि सोव्हिएत इंजिनियरांनी त्या पाइपाच्या आत कॅमेरा सोडला.

बहुतेक लेखांत लिहिलेलं असतं की यान दाबाने चिरडलं जातं. सुरुवातीला तसं झालंही. व्हेनेरा ४ हे यान १८ ऑक्टोबर १९६७ ला शुक्राच्या हवेत शिरलं. दुसऱ्या ग्रहाच्या हवेत शिरून तिथूनच मोजमाप पाठवणारं ते पहिलं. ही हवा जवळजवळ सगळी कार्बन डायऑक्साइड आहे हे त्याच्यामुळे पक्कं झालं. पण तिथं दाब किती असेल याचा अंदाज फार कमी धरला होता, त्यामुळे जमीन अजून सुमारे २५ किमी खाली असतानाच ते गप्प झालं. आता कारखान्याच्या माणसाला आवडेल अशी गोष्ट. तेव्हा शुक्रावर समुद्र असेल ही शक्यता कुणी पुरती सोडलेली नव्हती. म्हणून व्हेनेरा ४ पाण्यावर तरंगेल असं बांधलं होतं आणि त्याला एक कुलूप होतं साखरेचं. पाण्यात पडलं तर साखर विरघळणार, कुलूप सुटणार, अँटेना बाहेर येणार. साखरेचा इतका लांबचा प्रवास आमच्या गोडाऊनमधून कधी झाला नाही.

पण दाबाचा आकडा एकदा कळला की तो प्रश्न सुटतो. गोल भांडं घ्या, टायटॅनियम घ्या, जाडी वाढवा, दाब बाहेर राहतो. आज बाहेर आहे तर उद्याही बाहेरच. उष्णतेचं तसं नाही. लॅगिंग कितीही जाड करा, ती हळू येते, पण येतेच. आणि आत आलेली बाहेर फेकायला जागा नाही. कूलिंग बसवायचं तर कंडेन्सर बाहेरच्या ४६५ पेक्षा जास्त तापवावा लागेल, आणि त्याला लागणारी वीज तिथं आणणार कुठून? सूर्यप्रकाश ढगांतून गाळून येतो, बॅटऱ्या तर आपणच उकडतायत.

व्हेनेरा ७ मध्ये हे उलटंपालटं दिसतं. मागच्या अनुभवाने पोळलेल्या लोकांनी त्याला १८० बार आणि ५४० डिग्रीसाठी बांधलं, म्हणजे लागणाऱ्याच्या दुप्पट दाबाला. १५ डिसेंबर १९७० ला उतरताना पॅराशूट फाटलं, यान आपटलं आणि बहुधा कुशीवर पडलं. सिग्नल बंद पडला असंच सगळ्यांना वाटलं. पुढे टेप पुन्हा तपासल्या तेव्हा गोंगाटात दडलेला, नेहमीच्या १ टक्का ताकदीचा सिग्नल सापडला. तो २३ मिनिटांचा होता. आत एक स्विच अडकल्यामुळे फक्त तापमानच येत होतं: ४७५ डिग्री. दुसऱ्या ग्रहाच्या जमिनीवरून माणसाला आलेला पहिला आकडा हा.

नंतरच्या यानांनी मग वेळ विकत घ्यायला सुरुवात केली. यान हवेत शिरायच्या आधीच आतून उणे १० डिग्रीपर्यंत गार करून ठेवायचे. आत लिथियम नायट्रेटचा एक क्षार भरलेला असायचा, तो ३० डिग्रीला वितळतो आणि वितळताना उष्णता पिऊन घेतो. तो पूर्ण वितळेपर्यंत आतली यंत्रं बऱ्या तापमानात. वितळला की घड्याळ सुरू.

म्हणून माझं म्हणणं, शुक्रावर यान दाबाने नाही, उष्णतेने मरतं, आणि शुक्रावर उतरायच्या सगळ्या मोहिमा याच एका अडचणीभोवती फिरतायत. चर्चा करू.

रात्रपाळी | रवि, रात्री ९:५१

दादा, विषय हार्ड. साखरंचं कुलूप वाचून घरात सगळ्यांस्नी सांगितलं.

आमाला आठवड्यातनं काही दिवस रातची लाईट. उसाला पाणी पाजत बसायचं, पहाटं शुक्राची चांदणी वर आली की कळतंय आता उजाडतंय. एवढी चकचकीत दिसती आन् आत भट्टी व्हय? एक शंका हाय. सूर्याच्या जवळ म्हणून तापली म्हणावं तर बुध अजून जवळ. मग बुध जास्त तापाय नको?

टेलिस्कोपतात्या | रवि, रात्री १०:२०

रात्रपाळी, अगदी बरोबर ठिकाणी बोट ठेवलंत. बुधावर दुपारी ४३० डिग्रीपर्यंत जातं, पण रात्री उणे १८० पर्यंत उतरतं, कारण अंगावर पांघरायला हवाच नाही. शुक्रावर दिवस-रात्र, ध्रुव-विषुववृत्त, सगळीकडे जवळजवळ तेवढंच तापमान.

गंमत पुढे आहे. शुक्र चकचकीत दिसतो कारण त्याचे ढग सुमारे तीन-चतुर्थांश प्रकाश परत फेकतात. म्हणजे पृथ्वीपेक्षा सूर्याच्या जवळ असूनही तो शोषतो पृथ्वीपेक्षा कमी. पण जे थोडं आत शिरतं ते ९६ टक्के कार्बन डायऑक्साइडच्या हवेतून उष्णता म्हणून बाहेर पडू शकत नाही. तुम्हाला जी चमक दिसते आणि आत जी भट्टी आहे, त्या दोन्ही एकाच हवेमुळे.

१९६२ च्या डिसेंबरात मॅरिनर २ शुक्राजवळून, सुमारे ३५ हजार किमीवरून गेलं. दुसऱ्या ग्रहाजवळून जाऊन माहिती पाठवणारं पहिलं यशस्वी यान. ही उष्णता ढगांत नाही, खाली जमिनीवर आहे, हे त्याच्या मोजणीतून दिसलं. तोवर शुक्रावर दलदल आणि जंगलं असतील असं लिहिणारी पुस्तकं होती.

हळदबाजार | रवि, रात्री १०:४४

माहिती चांगली आहे. पण मी व्यापारी माणूस, हिशोब विचारणार. केंद्राने सप्टेंबर २०२४ मध्ये आपल्या शुक्र मोहिमेला १२३६ कोटी मंजूर केले. मंगळयान ४५० कोटींत झालं होतं. आणि हे यान उतरणारही नाही, नुसत्या घिरट्या घालणार. तिप्पट पैसे देऊन लांबून बघायचं? रशियाने ५० वर्षांपूर्वी उतरून फोटो काढलेत.

वाफेवरचा | रवि, रात्री ११:१५

हळदबाजार, हिशोब विचारलात ते चांगलं केलंत. पण उतरणं म्हणजे पुढची पायरी आणि घिरट्या म्हणजे मागची, हे मला मान्य नाही. उतरलेलं यान एका जागेचं दोन तास बघतं. मंगळयान सहा महिन्यांसाठी पाठवलं होतं, २०२२ पर्यंत चाललं. कक्षेत राहिलेल्या यानाला ती भट्टी लागतच नाही.

अडचण ढगांची आहे. वरून साधा कॅमेरा लावला तर नुसता पांढरा गोळा दिसतो. म्हणून रडार लागतं. नासाचं मॅगेलन ऑगस्ट १९९० ला पोचलं आणि ऑक्टोबर १९९४ पर्यंत त्याने रडारने ९८ टक्के जमीन नकाशावर आणली. आजही शुक्राचा नकाशा म्हणून जो दिसतो तो मुख्यतः त्याचाच.

आता त्यातून नफा कसा निघतो बघा. २०२३ मध्ये दोन शास्त्रज्ञांनी मॅगेलनची जुनी चित्रं शेजारी शेजारी ठेवली. माट मॉन्स नावाच्या ज्वालामुखीचं फेब्रुवारी १९९१ चं एक आणि ऑक्टोबर १९९१ चं एक. मधल्या आठ महिन्यांत एका विवराचा आकार बदलला होता, ते मोठं झालं होतं. म्हणजे शुक्रावरचे ज्वालामुखी थंड झालेले नाहीत. यान १९९४ मध्ये संपलं, डेटा ३० वर्षांनी बोलला. आपल्या यानावरही रडार आहे, आणि मॅगेलनपेक्षा बारीक बघणारं. या विवराच्या आसपास पुन्हा काय झालं ते बघायला दुसरा उपाय नाही.

हळदबाजार | रवि, रात्री ११:२२

हे पटण्यासारखं आहे. पण मग यान आत्ताच का नाही सोडत, २०२८ कशाला? सरकारी काम म्हणून?

टेलिस्कोपतात्या | सोम, सकाळी ६:३५

नाही हो, यात सरकारचा हात नाही. पृथ्वी आणि शुक्र पुन्हा त्याच मांडणीत यायला ५८४ दिवस लागतात, साधारण १९ महिने. कमी इंधनात जायचं तर त्या मांडणीच्या थोडं आधी निघावं लागतं. मार्च २०२८ ही त्यातली एक वेळ. गाडी चुकली तर पुढची १९ महिन्यांनी.

आपल्या पंचांगवाल्यांसाठी एक गोष्ट. शुक्राचा अस्त असला की लग्नाचे मुहूर्त नसतात, हे सांगली-मिरजेतल्या मंगल कार्यालयवाल्यांना पाठ आहे. अस्त म्हणजे शुक्र सूर्याच्या तेजात लपलेला. त्या १९ महिन्यांत असे दोन अस्त येतात, एक तो सूर्याच्या पलीकडे असताना, एक अलीकडे असताना. या दुसऱ्या अस्तात शुक्र पृथ्वीच्या सगळ्यात जवळ असतो. लग्नं थांबतात तेव्हाच शेजारी अगदी दाराशी आलेला असतो. यान मात्र त्याच्या काही महिने आधीच निघालेलं असतं.

पल्लवी_मिरज | सोम, दुपारी १२:१०

धागा आवडला. मी केमिस्ट्रीची, त्यामुळे एका गोष्टीवर कान टवकारले. शुक्राबद्दल कुठेही वाचा, "तिथे ॲसिडचा पाऊस पडतो आणि यानं विरघळतात" हे असतंच. ढग सल्फ्युरिक ॲसिडचेच आहेत. पण ते ढग साधारण ४८ ते ७० किमी उंचीवर. त्यातून थेंब खाली सुटले तरी ते तापून वाटेतच वाफ होतात, विघटन पावतात. जमिनीवर ॲसिडचा थेंब पोचत नाही. त्यामुळे ॲसिडची काळजी ढगांत सोडलेल्या फुग्याला आणि उतरताना घ्यायची, जमिनीवर नाही. जमिनीवर आपलं धागाकर्त्यांचं प्रकरण.

आणि ती हवा तरी हवा म्हणावी का? कार्बन डायऑक्साइड ३१ डिग्री आणि ७४ बारच्या वर गेला की तो धड वायू राहत नाही आणि धड द्रवही नाही, त्याला सुपरक्रिटिकल म्हणतात. शुक्राच्या जमिनीवर तो तसाच आहे. घनमीटरला ६५ किलोच्या आसपास. वारा अगदी मंद, सेकंदाला अर्धा-एक मीटर, पण माध्यम इतकं जड की तेवढ्यानेही बारीक माती हलू शकते.

अजून एक, हे माझ्या आवडीचं. शुक्रावरच्या जागांना जवळजवळ सगळी बायकांची नावं आहेत. मोठ्या विवरांना कर्तबगार स्त्रियांची, लहान विवरांना नुसती पहिली नावं. तिथे जोशी नावाचं विवर आहे, आपल्या डॉ. आनंदीबाई जोशींचं, ३४ किमी रुंद. १८८६ मध्ये अमेरिकेत डॉक्टर झालेली मुलगी. पंडिता रमाबाईंच्या नावाचंही आहे, मेधावी म्हणून. डॉ. जेरुशा झिराड यांचंही आहे. आमच्या कॉलेजात हे सांगितलं की मुली आधी हसतात आणि मग फोन काढून शोधतात. पुरुषाचं नाव ठळक ठिकाणी एकच, मॅक्सवेल मॉन्टेस, शुक्रावरचा सगळ्यात उंच डोंगर.

रात्रपाळी | सोम, दुपारी १:०२

ताई, म्हंजे तिथं बायकांचं राज्य हाय. आमच्या आईला सांगतो.

कातळवाट | सोम, रात्री ८:३०

कराडहून लिहितोय. भूगर्भशास्त्र शिकवतो. इतका वेळ गप्प होतो कारण मला दगडाबद्दलच बोलायचं होतं.

व्हेनेरा १३ आणि १४, मार्च १९८२, चार दिवसांच्या अंतराने उतरली. दोघांनी शुक्राच्या खडकात भोक पाडून नमुना आत घेतला. आता विचार करा, बाहेर ९२ बार, आणि तो चिमूटभर भुसा आत अशा कप्प्यात न्यायचा जिथे ३० डिग्री तापमान आणि नावालाच दाब. मध्ये टप्प्याटप्प्याने दाब कमी करणारे दरवाजे. एखादाही नीट बसला नाही तर भट्टी आत. ड्रिलचे भाग तर असे बनवले होते की ते ५०० डिग्रीला प्रसरण पावल्यावरच एकमेकांत नीट बसतील. इथे टेबलावर ठेवलं तर सैल, तिथे गेलं की फिट. वाफेवरचा, तुमच्या क्षेत्रातल्या माणसाला याची किंमत मी सांगायला नको.

मग क्ष-किरणांनी नमुना तपासला. व्हेनेरा १४ च्या खडकात सिलिका सुमारे ४९ टक्के, पोटॅशियम ऑक्साइड ०.२ टक्के. हे आकडे बघून मी वर्गात मुलांना खिडकीबाहेर बघायला सांगतो. आगाशिवाचा डोंगर ज्याचा आहे, अजिंक्यतारा ज्याचा आहे, आपल्या घरांचे पाये ज्यात खोदलेत, तो काळा पाषाण बहुतांशी थोलेइटिक बेसाल्ट, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या, पोटॅशियम कमी असलेल्या खडकाचा प्रकार. व्हेनेरा १४ चा नमुनाही त्याच कुळातला निघाला. दख्खनचा लाव्हा ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. शुक्राच्या पृष्ठभागाचं वय विवरं मोजून काही दशकोटी वर्षं येतं, पण जात तीच. व्हेनेरा १३ चा खडक जरा वेगळा, पोटॅशियम ऑक्साइड ४ टक्के, असा बेसाल्ट पृथ्वीवर कमी ठिकाणी मिळतो.

व्हेनेरा १४ चे फोटो बघा. सपाट, थरावर थर पडलेल्या फरशा. पाचगणीच्या पठारावरचा जांभा नव्हे, त्याच्या खालचा कातळ उघडा पडतो ना, तसलं.

आता किस्सा. कॅमेऱ्यांवर झाकणं असायची, उतरल्यावर ती उडवून द्यायची. व्हेनेरा ९ आणि १० ची प्रत्येकी दोनातली एकच झाकणं सुटली. ११ आणि १२ ची एकही सुटली नाही, म्हणजे तिथवर जाऊन फोटो शून्य. १३ आणि १४ ची सगळी सुटली. आणि १४ चं एक झाकण जाऊन पडलं नेमकं तिथं, जिथं जमीन किती दबते हे मोजणारा दांडा खाली येणार होता. दांड्याने इमानदारीने झाकण दाबलं आणि झाकणाचं मोजमाप पृथ्वीवर पाठवलं.

वाफेवरचा | सोम, रात्री ८:५५

कातळवाट सर, ड्रिलचं माहीत नव्हतं. गरम झाल्यावर फिट! आमच्याकडे टर्बाइनच्या भागांमधली फट गार असताना वेगळी आणि तापल्यावर वेगळी धरतात, कोल्ड क्लिअरन्स आणि हॉट क्लिअरन्स, तत्त्व तेच. फक्त आम्ही चुकलो तर पुढच्या ऑफ-सीझनला खोलतो.

ऑफसीझन | सोम, रात्री ९:४०

झाकण नाही निघालं म्हणून मोहीम गेली, स्विच अडकला म्हणून नुसतं तापमान आलं. इतक्या लांब जाऊन शेवटी फिटरचीच कामं. जपानचं पण असंच काहीतरी झालं होतं ना?

वाफेवरचा | सोम, रात्री १०:०५

अकात्सुकी. आणि तुम्ही फिटर म्हणालात ते शब्दशः खरं. डिसेंबर २०१० ला ते शुक्रापाशी पोचलं, वेग कमी करायला मुख्य इंजिन चालू केलं आणि ते मध्येच बंद पडलं. कारण? हेलियमच्या टाकीतून इंधनाच्या टाकीकडे जाणाऱ्या लाईनमधला एनआरव्ही, म्हणजे एकाच दिशेने जाऊ देणारा व्हॉल्व्ह. त्यात क्षार साठला आणि तो नीट उघडेना. इंधन पुरेना, इंजिन भलतं तापलं, नोझल तुटलं. यान शुक्राला ओलांडून सूर्याभोवती फिरायला लागलं.

आमच्याकडे एनआरव्ही चोक झाला की पंप बदलून घेतो. त्यांच्याकडे बदलायला काही नव्हतं. पाच वर्षं वाट बघितली, तेव्हा यानाचं आयुष्य संपलंय असं धरायचं होतं. ७ डिसेंबर २०१५ ला, मुख्य इंजिनाशिवाय, यानाची दिशा वळवायला असतात ते बारके थ्रस्टर बराच वेळ पेटवून त्यांनी ते शुक्राच्या कक्षेत घातलंच. पुढे २०२४ पर्यंत त्याने शुक्राच्या हवेचा अभ्यास केला. ते गेल्यावर आत्ता या क्षणी शुक्राभोवती एकही चालू यान नाही. हळदबाजार, तुमच्या हिशोबात हे पण धरा.

टेलिस्कोपतात्या | सोम, रात्री १०:३८

आणि शुक्रासाठी बांधलेलं एक यान पृथ्वीवरच उतरलं की! कॉसमॉस ४८२. मार्च १९७२ मध्ये व्हेनेरा ८ च्या पाठोपाठ सोडलं, वरचं रॉकेट नीट चाललं नाही, म्हणून ते पृथ्वीच्याच कक्षेत अडकलं. ५३ वर्षं फिरत राहिलं आणि १० मे २०२५ ला खाली आलं. शुक्राच्या हवेत शिरायला बांधलेला सुमारे अर्ध्या टनाचा गोळा, त्यामुळे जळून न जाता अख्खा येईल की काय अशी सगळ्यांना धाकधूक. हिंदी महासागरात पडलं असं रशियाने सांगितलं.

ईअँडटीसी_तिसरंवर्ष | मंगळ, रात्री १२:१५

सांगलीत इंजिनियरिंगला आहे. वाफेवरचा काका, उष्णता आत येतेच हे मान्य, पण मग आतल्या यंत्रांनीच उष्णता सोसायची असं का नाही करायचं? साध्या सिलिकॉनच्या चिपला २५०-३०० डिग्रीच्या पुढे काम जमत नाही, करंट गळायला लागतो. सिलिकॉन कार्बाइडला जमतं. नासाच्या ग्लेन केंद्रात शुक्रासारखी हवा, दाब आणि तापमान तयार करणारी एक मोठी टाकी आहे. त्यात त्यांनी सिलिकॉन कार्बाइडची सर्किटं कुठल्याही संरक्षणाशिवाय ठेवली आणि ती ५२१ तास चालली. म्हणजे तीन आठवडे. व्हेनेरा १३ चे दोन तास कुठे आणि हे कुठे.

अर्थात ती सर्किटं फार साधी आहेत, काही डझन ट्रान्झिस्टरची. आपल्या फोनमध्ये अब्जावधी असतात. त्यात कॅमेरा चालणार नाही, पण तापमान, दाब, वारा मोजून पाठवणारं छोटं स्टेशन चालेल. नासाच्याच जेपीएल केंद्रात तर एकाने इलेक्ट्रॉनिक्स जवळजवळ टाळून, चाव्या-गिअरवर चालणाऱ्या रोव्हरचा आराखडा मांडला होता. वारा टर्बाइन फिरवणार, स्प्रिंगमध्ये ऊर्जा साठणार.

वाफेवरचा | मंगळ, सकाळी ७:२०

हेच मला हवं होतं. पोरा, माझं म्हणणं तू पुढे नेलंस. उष्णता बाहेर ठेवायच्या मागे न लागता आत घेऊनच काम करायचं. आमच्या फ्लो मीटरचा सेन्सर बघ, ५१५ डिग्रीच्या वाफेत कायम उभा असतो, त्याला कुणी गार ठेवत नाही. आणि शुक्राला घाई नाही. तिथला एक सूर्योदय ते पुढचा सूर्योदय म्हणजे आपले ११७ दिवस. तीन आठवड्यांत एका दिवसाचा पाचवा हिस्साही होत नाही. साधं का असेना, ६० दिवस चालणारं स्टेशन असतं तर तिथं भूकंप होतात का, हे कळलं असतं. ज्वालामुखी चालू आहेत म्हटल्यावर जमीन हलतच असणार.

कातळवाट | मंगळ, सकाळी ८:०५

भूकंपमापक पाठवा, मी पैसे गोळा करतो. १९६७ पासून कोयना परिसरात जे आहे ते सगळ्यांनी सोसलंय. आपल्या बेसाल्टखाली काय आहे हे कळायला कोयनेला खोल बोअर घ्यावी लागली. शुक्राच्या पोटात काय आहे याचं आपल्याकडे एकही खात्रीचं सिस्मोग्राफ रीडिंग नाही. मंगळाचं आहे, इनसाइट लँडरचं, २०१८ ते २०२२. चंद्राचं आहे. शुक्राचं नाही.

पल्लवी_मिरज | मंगळ, दुपारी १:३०

जमिनीच्या मागे सगळेच लागलात. मधल्या उंचीबद्दल कुणी बोलत नाही. ५४ किमीवर तापमान ३० डिग्रीच्या आसपास आणि दाब पृथ्वीच्या निम्म्याजवळ. तिथं ना धागाकर्त्यांचा बॉयलर, ना सिलिकॉन कार्बाइडची गरज. फक्त ॲसिड, आणि ते सोसणारं प्लास्टिक आपल्याकडे आहे. जून १९८५ मध्ये व्हेगा १ आणि व्हेगा २ या सोव्हिएत यानांनी तिथं हेलियमचे दोन फुगे सोडले, साडेतीन मीटर व्यासाचे, टेफ्लॉनचं कापड. दोन्ही सुमारे ४६ तास चालले. जमिनीवरच्या कुठल्याही यानापेक्षा कितीतरी जास्त. त्याच थरात २०२० मध्ये फॉस्फिन, म्हणजे पृथ्वीवर जिवाणूंशी जोडला जाणारा वायू, सापडल्याचा दावा झाला, आणि त्यावर अजून भांडण चालू आहे. ते भांडण दुर्बिणीतून मिटणार नाही, कुणीतरी तिथली हवा हुंगली पाहिजे.

रात्रपाळी | मंगळ, रात्री ११:१२

ताई, ते फुगं आता कुठं आसतील? अजून फिरत आसतील का?

पल्लवी_मिरज | मंगळ, रात्री ११:३०

फिरत नसणार, दादा. ४६ तासांनी बॅटरी संपली म्हणून ऐकू यायचे बंद झाले, फुगे तेव्हा शाबूत होते. तिथल्या वरच्या हवेला प्रचंड वेग आहे, ताशी २४० किमीच्या आसपास, ती साधारण साडेसहा दिवसांत अख्ख्या ग्रहाला फेरी मारते. फुगे मध्यरात्रीच्या बाजूला सोडले होते, ११ हजार किमी वाहत जाऊन ते उजेडाच्या बाजूला पोचले. तिथं ऊन लागल्यावर हेलियम फुगून पुढे कधीतरी फुटले असतील. बॅटरीच्या जागी सोलर पॅनेल असतं तर नेमकी तिथून पुढची गोष्ट कळली असती.

ईअँडटीसी_तिसरंवर्ष | मंगळ, रात्री ११:४४

पॅनेल चालेल, पण फेरीतले तीनेक दिवस रात्रीच्या बाजूला जाणार. तेवढ्यापुरती बॅटरी लागेलच. वजन काढून बघतो, उद्या टाकतो इथे.